पीठ कालवण्याचे भांडे : पकड, बैठक आणि धार

आंबोळी, धिरडे, घावन यांचे सरसरीत पीठ कालवण्यासाठी, फेटण्यासाठी आणि त्याच भांड्यातून तव्यावर ओतण्यासाठी वापरायचे पसरट तोंडाचे, गोलसर बुडाचे भांडे. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या सीमाभागातल्या मराठी घरांत त्याला एकच असे नाव नाही. कुणी भगुणे म्हणते, कुणी तपेले, कुणी नुसतेच ‘पिठाचे पातेले’. शेजारच्या कन्नड घरात तशाच भांड्याला बोगुणी म्हणतात आणि दोन्ही घरांत परातीला परातच म्हणतात. अलीकडे दुकानांतून ‘बाऊल’ हा शब्दही घरात शिरला आहे. नाव कोणतेही असो, भांड्याची कसोटी तीन ठिकाणी लागते : ते हातात कसे बसते, ओट्यावर कसे बसते आणि काठावरून धार कशी सुटते.

भांड्याचा आकार पिकावर ठरतो, हे या भागात नीट दिसते. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला लागून आहे. तिथे पाऊस धो धो पडतो आणि शेत भाताचे असते. पूर्वेला गोकाक, अथणीकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो आणि ज्वारी सुरू होते. भाताच्या मुलखात पीठ ओतायचे असते, ज्वारीच्या मुलखात थापायचे. म्हणून पश्चिमेकडच्या घरात खोल भगुणे लागते, तर पूर्वेकडे पसरट परात किंवा लाकडी काठवट. बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये आहे आणि तिथल्या मांडणीवर दोन्ही सुखाने नांदतात. बेळगावच्या प्रसिद्ध मांड्यांची कणीकही परातीतच तिंबतात. ती ओतायची नसल्यामुळे तिचा विचार इथे केलेला नाही.

बसून आणि उभ्याने : जुन्या भांड्यांना मूठ नव्हती, चोच नव्हती, बुडाला रबर नव्हते, तरी ती चालत होती. चालत होती याचे कारण भांड्यात नसून बसण्यात होते. बाई जमिनीवर किंवा पाटावर बसे. परातीची कड पायाच्या अंगठ्याने दाबून धरी, खोल भांडे दोन गुडघ्यांच्या मध्ये घेई, मोठे असले तर डाव्या कोपराच्या खोबणीत कवटाळी. पाय, गुडघा आणि कोपर ही तिची पकड होती. ओतायचे तर चूलही जमिनीलगतच असे; भांडे वीतभर उचलून कलते केले की काम होई.

ओटा आला आणि हे सगळे सुटले. उभ्याने काम करताना पायाचा उपयोग नाही, गुडघ्याचा नाही. गुळगुळीत ग्रॅनाइटवर स्टीलचे ओले बूड ठेवून एका हाताने फेटायला लागले की भांडे गोल गोल फिरू लागते, म्हणून दुसरा हात त्याला धरण्यातच अडकतो. शेगडी ओट्याच्याही वर असते, त्यामुळे भरलेले भांडे छातीपर्यंत उचलून कलते करावे लागते. या भागातल्या स्वयंपाकघरात उंची बदलली, भांडी मात्र बसून काम करणाऱ्या बाईच्या मापाचीच राहिली. प्रस्तुत लेखकाच्या मते या भांड्याच्या घडणीचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो. तो केवळ सोयीचा नाही. साठी ओलांडलेल्या, बोटांचे सांधे धरलेल्या बाईला आपल्या हाताने आंबोळी घालता येते की नाही, हे त्यावर ठरते.

बैठक : बुडाखाली काहीतरी घेऊन भांडे स्थिर करण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. जुनेराचा पिळा वळून केलेली चुंबळ घागरीसाठी डोक्यावर जाते आणि गोल बुडाच्या मडक्यासाठी जमिनीवर. कन्नडमध्ये तिला सिंबी म्हणतात. आजही खानापुराकडच्या एखाद्या घरात ओट्यावर ओला पंचा गोल वळून त्यावर भगुणे बसवलेले दिसते. ही चुंबळ दोन कामे करते. ओल्या कापडामुळे घर्षण वाढते, आणि कड्याचा आकार असल्यामुळे भांडे हवे तितके कलते करून तसेच टेकवता येते. थोडे उरलेले पीठ एका बाजूला गोळा करून फेटायचे तर हे कलते बसणे फार उपयोगी पडते.

बाहेरच्या कारागिरांनाही हाच प्रश्न पडला होता. इंग्लंडच्या डर्बीशर भागातल्या कुंभारांनी जाड मातीच्या वाडग्याच्या बुडालगतची एक बाजू तिरपी सपाट करून ठेवली, म्हणजे भांडे त्या बाजूवर कलते टेकते. वाडग्याच्या बाहेरून उठावाची नक्षी काढली, ती ओल्या बोटांना धरायला बरी पडते. आजच्या भांड्यांना बुडाशी रबराचे किंवा सिलिकॉनचे कडे असते. पण आपल्या घरात या कड्याची एक अडचण आहे. इथे भांडे एकाच कामाचे नसते. सकाळी ज्यात पीठ कालवले त्यातच दुपारी आमटी उकळते. कायमचे चिकटवलेले कडे थेट आचेवर टिकत नाही, शिवाय कड्याच्या सांध्यात आंबलेले पीठ शिरले की घासूनही वास जात नाही. आमच्या घरी असे एक भांडे होते. वर्षाच्या आत कडे सुटले आणि खाली काळपट थर निघाला. म्हणून कडे काढता-घालता येणारे असावे, म्हणजेच चुंबळ वेगळी असावी. बूड अगदी अर्धगोल असू नये. तळाशी तळहाताएवढा सपाट भाग आणि तिथून वर चढणारी मोठी गोलाई असावी. कोपरा नसला की डाव किंवा बोट सगळीकडे फिरते, पीठ अडकून राहत नाही.

पकड : साध्या भगुण्याला धरायला फक्त काठ असतो. काठ धरताना अंगठा आत, चार बोटे बाहेर अशी चिमटीची पकड होते आणि चिमटीत मुठीइतका जोर नसतो. २६ सेंटीमीटर तोंडाचे अर्धा किलोचे भांडे आणि त्यात दोन किलो पीठ धरा. अडीच किलोचा हा भार हातापासून सुमारे १३ सेंटीमीटरवर लोंबतो आणि तो सगळा पेलायचा अंगठ्याने व मनगटाने. बोटांचे सांधे दुखतात ते इथेच.

मग लांब दांडा लावला तर? दुकानात अशी भांडी दिसतात आणि दिसायला सोयीची वाटतात. पण दांड्यामुळे मूठ काठापासून आणखी सहा सेंटीमीटर मागे गेली तर भार १९ सेंटीमीटरवर जातो आणि मनगटावरचा पीळ जवळपास दीडपट होतो. मूठ हवी, पण भांड्याला बिलगलेली. चार बोटे आत जातील एवढी फट, तीन ते चार सेंटीमीटर जाडीची गोलसर घडण आणि वर अंगठा टेकायला थोडी सपाट जागा एवढे पुरे.

मूठ कुठे असावी, यावर दोन मते आहेत. डेन्मार्कच्या रोस्टी कंपनीचा मार्ग्रेथे वाडगा या बाबतीत जगभर ओळखला जातो. सिगवार्ड बर्नाडोट आणि ॲक्टन ब्यॉर्न या दोघा रचनाकारांच्या कार्यशाळेत १९५४ साली तो तयार झाला आणि त्याला डेन्मार्कच्या तेव्हाच्या राजकन्येचे, पुढे १९७२ मध्ये राणी झालेल्या मार्ग्रेथेचे, नाव दिले गेले. मेलामाइन या कडक प्लास्टिकचा हा हलका वाडगा. एका बाजूला धरायचा ओठ, बरोबर समोर ओतायची चोच. डावखुऱ्यालाही तो तितकाच सोयीचा. अमेरिकेत १९९० मध्ये सॅम फार्बर यांनी संधिवाताने बोटे दुखणाऱ्या आपल्या पत्नीची अडचण पाहून जाड, मऊ मुठीची सोलणी आणि इतर साधने ऑक्सो या नावाने बाजारात आणली, तेव्हापासून दुखऱ्या हाताला सोसेल ते सगळ्यांच्याच हाताला सोयीचे पडते हा विचार भांड्यांच्या घडणीत रुजला.

मात्र मुठीसमोर चोच ही रचना हलक्या आणि लहान भांड्याला शोभते. भांडे कलते होते तसे पीठ चोचीकडे धावते, म्हणजे भार मुठीपासून आणखी दूर जातो, आणि नेमका ओतायच्या क्षणी हात थरथरतो. आपल्याकडच्या कढईचे दोन कान इथे अधिक शहाणे ठरतात. दोन बाजूंना दोन कान आणि त्यांच्या काटकोनात चोच असेल, तर भांडे दोन्ही हातांनी उचलता येते आणि ओतताना नुसते फिरवावे लागते; भार कानांच्या मधोमध राहतो. चार-पाच लिटरच्या भांड्याला याहून चांगली रचना प्रस्तुत लेखकाला माहीत नाही. समोरासमोर दोन चोची ठेवल्या तर डाव्या-उजव्या हाताचाही प्रश्न मिटतो.

धार : आंबोळीचे पीठ ओतून झाले की भांड्याच्या बाहेरून एक ओघळ खाली उतरतो, बुडापर्यंत जातो आणि ओट्यावर पांढरे वर्तुळ उमटते. चहाच्या किटलीतूनही असेच होते. मार्कस राइनर या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये या ओघळीला किटलीचेच नाव दिले आणि पुढच्याच वर्षी गणितज्ञ जोसेफ केलर यांनी तिचे गणित मांडले. द्रव काठावरून वळतो तेव्हा धार हळू असेल तर बाहेरच्या हवेचा दाब तिला भांड्याच्या अंगाशी दाबून ठेवतो, आणि काठ ओला होणारा असेल तर ती तिथेच चिकटून खाली उतरते. धार जोरात असली किंवा काठ धारदार असला की ती सुटून पुढे पडते.

स्टीलच्या भगुण्याचा काठ बाहेर गोल वळवलेला असतो. पत्रा हाताला कापू नये आणि तोंड वाकडे होऊ नये म्हणून हे वळण आवश्यकच. पण ओघळीला त्याच्याइतकी सोयीची वाट दुसरी नाही. पीठ त्या गोलाईवरून अलगद मागे वळते. उपाय असा की सगळा काठ वळवावा, फक्त चोचीपाशी तीन-चार बोटे जागा सोडावी. तिथे पत्रा पातळ, घासून गुळगुळीत केलेला आणि टोकाशी किंचित खाली झुकलेला ठेवावा. चोच अरुंद असली तर धार बारीक पडते, पण आंबोळीचे दाटसर पीठ अडखळते. घावनाच्या पातळ पिठाला तीच चोच छान. दोन्ही करणाऱ्या घरात दोन बोटे रुंदीची चोच मध्यम मार्ग म्हणून बरी. काठाला तेलाचे बोट फिरवून मग ओतायचे, ही घरातली युक्तीही शास्त्राला धरूनच आहे : तेलकट काठ पाण्याने भिजत नाही, म्हणून धार चिकटत नाही. आणि थांबताना भांडे सावकाश नाही, झटक्यात सरळ करायचे.

चोचीचा एक तोटा मान्य केला पाहिजे. पीठ रात्रभर आंबायला ठेवतात तेव्हा झाकण घट्ट बसत नाही. खानापूरच्या पावसाळी थंडीत पीठ फुगायला वेळ लागतो, भांडे चुलीच्या उबेला ठेवावे लागते आणि फटीतून ऊब जाते. चोच झाकणारी जीभ असलेले झाकण हा उपाय आहे, पण असे झाकण क्वचित मिळते. बहुतेक घरांत ताट पालथे घालून वर वरवंटा ठेवतात. फुगण्यासाठी जागाही लागते : दोन लिटर पिठाला चार लिटरचे भांडे.

धातू आणि माती : पितळेचे भांडे जड, बैठकीला उत्तम, पण आंबट पीठ त्यात कल्हईशिवाय ठेवता येत नाही; कळकते. ॲल्युमिनियम त्याच जाडीच्या स्टीलच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने भरते, पण आंबट त्यालाही सोसत नाही. म्हणून स्टील राहिले. मातीचे भांडे पीठ आंबवायला चांगले. खानापूरची माती कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी नावाजलेली आहे, तिथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही आहे. ओल्या मातीत चोच काढायला कुंभाराला तीन बोटे पुरतात : दोन बोटांनी काठ धरायचा, तिसऱ्याने मधोमध बाहेर ओढायचा. पत्र्यात तीच चोच काढायला वेगळा डाय, म्हणजे पोलादी साचा, लागतो.

आणि इथे बाजाराचा एक जुना रिवाज आड येतो. स्टीलची, पितळेची भांडी किलोवर विकली जातात. सर्कल म्हणजे पत्र्याची गोल चकती कापणे, प्रेसखाली खोल ओढणे, काठ वळवणे, पॉलिश करणे या सगळ्यांचा हिशेब शेवटी वजनात बसतो. चोचीने वजन वाढत नाही, कष्ट मात्र वाढतात. कानांना रिवेट मारायचे तर आणखी. काट्यावर न दिसणाऱ्या गुणाला दाम मिळत नाही, म्हणून कारागीर तो घालत नाही आणि गिऱ्हाईकही मागत नाही. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत पत्रा, साचा आणि प्रेस यांचे काम जाणणारे हात भरपूर आहेत. उणीव मागणीची आहे. कान मांडणीवर एकात एक भांडी बसू देत नाहीत, हीही रास्त तक्रार आहे. त्यासाठी कान काठाच्या वर उभे न ठेवता काठाखाली बाहेरच्या अंगाला आडवे बसवावेत. मग लहान भांडे मोठ्यात निदान अर्धे तरी जाते. रिवेटपेक्षा झाळलेला सांधा बरा, कारण रिवेटच्या आतल्या डोक्याभोवती पीठ साठते.

भांडे घेताना दुकानात ते रिकामे उचलून काही कळत नाही. जुन्या बायका तांब्याभर पाणी मागून घेतात. “ओतायला येतंय काय बघ गे,” म्हणत सुनेच्या हातात भांडे देतात. ते पाणी भांड्यात घालावे, हात ओले करून भांडे उचलावे आणि पाणी हळूहळू परत तांब्यात ओतावे. मग बुडाखालून बोट फिरवून पाहावे. बोट कोरडे निघाले तर भांडे घ्यावे.