बक्षिसाची शब्दकोडी : खेळ की जुगार, पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा संमत झाला आणि कोडी सोडवणाऱ्या मंडळींमध्ये पहिला प्रश्न हाच आला की आता फी घेऊन ऑनलाइन शब्दकोड्याची स्पर्धा घेतली तर काय? या कायद्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा फरकच ठेवलेला नाही, पैसे भरून पैसे जिंकायचे असतील तर दोन्ही एकाच माळेचे मणी. गंमत म्हणजे हा फरक आपल्याकडे रुजला तोच मुळात शब्दकोड्यांमुळे, आणि त्यात मुंबईचा हात मोठा.

१९१३ चं न्यूयॉर्कचं पहिलं कोडं वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडू. आपली गोष्ट १९४८ पासून, जेव्हा मुंबई सरकारने लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर लायसन्स आणि टॅक्स लावणारा कायदा केला. त्यातून प्रांताबाहेर छापलेल्या पेपरांतल्या स्पर्धा सुटत होत्या, मग बंगळुरूला छापायचं, मुंबईत विकायचं आणि फी गोळा करायला इथेच एजंट ठेवायचे, असं बिनबोभाट चालू झालं. १९५२ ला सरकारने ती पळवाट बुजवली आणि प्रकरण कोर्टात गेलं.

इथे तेव्हाचं बक्षिसाचं कोडं कसं असायचं ते बघायला पाहिजे, कारण रविवारच्या पुरवणीतल्या कोड्याशी त्याचं फक्त तोंडवळ्याचं साम्य. समजा क्लू आहे 'हे गेलं की माणूस खचतो', दोन घरं, दुसऱ्यात 'न' आधीच भरलेला. धन? मन? मानसुद्धा बसतं. पहिल्या घराला छेदणारा उभा शब्दच नाही, म्हणजे ताळा कशाने करणार? आयोजकाकडे मात्र उत्तर आधीच ठरलेलं, आणि त्याच्याशी जुळलं तर बक्षीस. मग लोक धनची एक एन्ट्री, मनची एक, मानची एक असं भरत बसणार आणि प्रत्येक एन्ट्रीला वेगळी फी. याला कौशल्य म्हणणं म्हणजे जरा अतीच.

हायकोर्टात निकाल स्पर्धावाल्यांच्या बाजूने लागला, पण ९ एप्रिल १९५७ ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. जुगार हा व्यापार नाही, त्यामुळे व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण त्याला मिळत नाही, असं कोर्ट म्हणालं. तोवर १९५५ चा केंद्रीय कायदाही आलेला होता, त्यात महिन्याची एकूण बक्षिसं १००० रुपयांच्या वर नकोत, एन्ट्र्या २००० च्या वर नकोत, आणि व्याख्या इतकी ऐसपैस की अक्षरं-शब्द-आकडे जुळवायचं कुठलंही बक्षिसाचं कोडं त्यात यावं. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात कोर्टाने हा कायदा टिकवला पण अर्थ आखडता घेतला, ज्यात यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे त्या स्पर्धांना तो लागू नाही. कागदावर प्रामाणिक कोडं सुटलं. पण आपलं कोडं कौशल्याचं हे सिद्ध करायला कोर्टाची पायरी कोण चढणार? माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं, सुक्याबरोबर ओलंही जळालं.

तो निकाल पुढे वापरला मात्र भलत्यांनीच. १९६७ ला रमी कौशल्याची ठरली, १९९६ ला घोड्यांच्या शर्यती, नंतर फॅन्टसी क्रिकेटवाले (खऱ्या खेळाडूंची मनातली टीम बनवून खेळवणारे) आले, सगळ्यांच्या युक्तिवादात १९५७ ची शब्दकोडी हजर. २०२५ च्या कायद्याने ऑनलाइनपुरता तो आधार काढून घेतला आणि त्यालाही कोर्टात आव्हान दिलं गेलंय.

फुकट कोड्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांचं दुखणं वेगळं. मराठी कोडं मोबाइलवर आणायचं तर 'स्वातंत्र्य' आपल्या हिशोबाने तीन घरांत बसतं, स्वा-तं-त्र्य, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो त्यात, ते ११ तुकडे आहेत. इंग्रजीसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर तसंच उचललं की हलन्त एका चौकोनात आणि काना दुसऱ्यात जाऊन बसतो. अक्षर तोडायचं कुठे हे आधी प्रोग्रॅमला शिकवावं लागतं, क्लू लिहिणं त्यानंतर.