फियाट, पोर्शे आणि बोरघाट

नौपाड्यात आमच्या इमारतीखाली काकांची प्रीमियर पद्मिनी अजून उभी असते. परवा तिच्या शेजारी कुणाच्या तरी पाहुण्यांची नवी पोर्शे ९११ येऊन थांबली आणि 'कुठली जास्त पळते' यावर चेष्टामस्करी सुरू झाली. उत्तर शेंबडं पोरही देईल. पण या दोन गाड्या जवळपास एका वयाच्या आहेत, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११०० डिलाइट. ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बनू लागली. जर्मनीत ९११ चं उत्पादनही त्याच वर्षी सुरू झालं. आपल्याकडची १०८९ सीसीची, जेमतेम चाळीस अश्वशक्तीची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. तिकडची दोन लिटरची, १३० अश्वशक्तीची, ताशी २१० किलोमीटर गाठणारी.

परवाना राजमध्ये गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे विचारणार कोण आणि सांगणार कोण? इकडच्या माणसांची परीक्षा एकच, बोरघाट. खोपोलीला रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकायचं आणि खालच्या गिअरवर गुरगुरत खंडाळा गाठायचा. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीने पेट्रोलची वाटेतच वाफ होई आणि गाडी आचके देत बंद पडे. मग काका बॉनेट उघडून इंजिनाशेजारच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकत आणि काकू थर्मास उघडत. 'एका दमात घाट चढली' ही तेव्हाची सगळ्यात मोठी शाबासकी.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. इंजिन फियाटपेक्षा लहान, ७९६ सीसीचं, पण गाडी वजनाला हलकी म्हणून चपळ. 'पिकअप' हा शब्द घराघरांत गेला तो साधारण तेव्हापासून. २००२ मध्ये कळंबोलीहून निघणारा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि घाटाची परीक्षाही संपली.

तिकडे ९११ काय झाली? २०१९ ची कॅरेरा एस ४५० अश्वशक्तीची आहे. वजन १०८० किलोंवरून दीड हजारांच्या वर गेलं, तरी शंभरचा वेग पूर्वी सुमारे नऊ सेकंदांत यायचा तो ३.७ सेकंदांत येतो. श्रेय बहुतेक जण टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्रणेला देतात. मला विचाराल तर टायर पाहा. पहिल्या ९११ चे १६५ मिलिमीटर रुंद होते, हिचे मागचे ३०५. पकड नसती तर एवढी ताकद नुसती रबर जाळण्यात गेली असती.

ही सगळी मर्दुमकी दाखवायची कुठे, हा प्रश्न उरतोच. अटल सेतूवर मर्यादा शंभरची, आणि तेवढं काकांची पद्मिनीही अंग थरथरवत गाठते. घोडबंदर रोडला गायमुखाच्या चढावर संध्याकाळी दोघीही पहिल्या गिअरवरच.

पाहुण्यांनी काकांसाठी पोर्शेचं पुढचं झाकण उघडलं. आत बॅगा. मग मागचं उघडलं, तर वर फक्त दोन पंखे.

काका वाकून बराच वेळ बघत राहिले. "अहो, मग फडकं ठेवायचं कुठे?"