पार्श्वभूमी : वॉटरफॉलमधली जोखीम कुणाच्या गळ्यात?

आधी गरजा, मग डिझाइन, मग कोडिंग, शेवटी टेस्टिंग ही सॉफ्टवेअर बांधण्याची उतरंड, म्हणजेच वॉटरफॉल, १९७० च्या एका अमेरिकी शोधनिबंधातून आली, असं सर्रास सांगितलं जातं. पण ही रीत आहे तशी राबवणं जोखमीचं आहे, अपयशाला आमंत्रण आहे, हेही त्याच निबंधात लिहिलेलं आहे. टेस्टिंगमध्ये मुळातलं काही चुकलेलं निघालं, तर थेट डिझाइनपर्यंत मागे यावं लागतं. म्हणून नवखी सिस्टिम आधी लहान प्रमाणात एकदा करून पाहा, असं लेखकाचं म्हणणं होतं. लोकांनी आकृती उचलली, बाकीचा निबंध वाचायला कुणाला वेळ होता?

खरा वाद आहे तो १९८५ च्या निर्णयाचा. अमेरिकी संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर कंत्राटांसाठी २१६७ क्रमांकाचं मानक आणलं. टप्प्याटप्प्याला ठरलेली कागदपत्रं आणि ठरलेल्या समीक्षा. दोनच वर्षांत खात्याच्याच सल्लागार गटाने या पद्धतीवर बोट ठेवलं. १९८८ च्या सुधारित आवृत्तीत तर आम्ही कोणतीही एक पद्धत लादत नाही, असा खुलासा आहे. मानकाचे पाठीराखे आजही तोच पुढे करतात. माझ्या मते तो खुलासा कागदावरच राहिला. समीक्षेची तारीख कंत्राटात असली की माणसं तारीख गाठतात. सगळ्यात अवघड, न करून पाहिलेला भाग शेवटी इंटिग्रेशनला, म्हणजे सगळे भाग एकत्र जोडतानाच, उघडा पडतो. १९८६ मध्येच मांडलेलं स्पायरल मॉडेल नेमकं उलटं सांगत होतं: प्रत्येक फेरीत आधी जोखीम शोधा, मग काय बांधायचं ते ठरवा. १९९४ अखेरीस ते मानकही बदललं.

आपल्याकडे ही शिस्त पोचली ती फिक्स्ड-प्राइस, म्हणजे आधीच किंमत ठरलेल्या, कामांमधून. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत क्लायंटने एसआरएसवर (गरजांच्या लेखी दस्तऐवजावर) साइन-ऑफ दिला की गरजा गोठल्या. पुढचा प्रत्येक बदल म्हणजे चेंज रिक्वेस्ट, वेगळा एस्टिमेट, वेगळं बिल. गरज समजण्यात झालेल्या चुकीची जोखीम याने कमी झाली नाही, फक्त क्लायंटच्या खात्यावर गेली. रिस्क रजिस्टर, म्हणजे जोखमींची यादी, असायचंच: एक्सेल शीट, शक्यता गुणिले परिणाम, लाल-पिवळे-हिरवे रकाने. त्यात ‘मुख्य माणूस सोडून जाईल’, ‘क्लायंटकडून माहिती उशिरा येईल’ या ओळी मागच्या प्रोजेक्टमधून जशाच्या तशा उतरवलेल्या. ‘हा इंटरफेस (दोन भागांमधला जोड) चालेल की नाही, कुणी तपासलेलं नाही’ ही ओळ मात्र सहसा नसे. ती लिहिली तर डिझाइनला मंजुरी मिळाली कशी, हा प्रश्न आला असता.