निवृत्त मल्लांचा मान (पश्चिम महाराष्ट्र)

कुस्ती सोडलेल्या नामांकित पैलवानाचे नाव तालमीत, मैदानात आणि गावात कसे जपले जाते, त्या नावावर मैदाने कशी भरतात आणि त्यातून खुद्द त्या माणसाच्या पदरात काय पडते, यासंबंधीच्या रूढी. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सीमेपलीकडचे बेळगाव हा या रूढींचा मुख्य पट्टा आहे; पुण्यातल्या तालमीही त्यांना धरूनच चालतात. इथली कुस्ती इनामाची. वर्गणी किंवा तिकीट, ठरलेली जोड, ठरलेले इनाम आणि नाव ऐकून येणारा प्रेक्षक असा तिचा व्यवहार असल्यामुळे पैलवानाचे नाव हेच त्याचे भांडवल असते. अंगातली रग ओसरल्यावरही हे भांडवल संपत नाही. ते त्याच्या हातून निघून दुसऱ्यांच्या कामी येऊ लागते, आणि या रूढींतले मोठेपण व दुखणे दोन्ही याच गोष्टीत आहे.

किताब

आमदारकी गेली की माणूस माजी आमदार होतो. किताबाचे तसे नाही. १९५९ मध्ये बंटासिंगला हरवून हिंदकेसरी हा देशपातळीवरचा किताब मिळवलेले श्रीपती खंचनाळे १४ डिसेंबर २०२० रोजी कोल्हापुरात वारले, तेव्हा ‘हिंदकेसरी गेले’ असेच लोक म्हणाले. मधली ६१ वर्षे तो शब्द त्यांच्या नावाला जोडूनच होता. महाराष्ट्र केसरी, रुस्तुम-ए-हिंद हे किताबही असेच आयुष्यभर नावाआधी लागतात. गावात पत्ता सांगताना, लग्नपत्रिकेत, शेतीच्या भावकीतल्या बैठकीतसुद्धा ते गळत नाहीत. महाराष्ट्र केसरीची पहिली मानाची कुस्ती १९६१ मध्ये दिनकर दह्यारी यांनी जिंकली, आणि तेव्हापासूनची विजेत्यांची यादी तालमीतली पोरे पाढे म्हणावेत तशी म्हणतात. विजेत्याला मिळणारी चांदीची गदासुद्धा एका स्मरणाशी बांधलेली आहे. राज्य कुस्तीगीर परिषद उभी करणाऱ्या मामासाहेब मोहोळांच्या नावाने ती दिली जाते. त्यामुळे दरवर्षी नवा केसरी खांद्यावर गदा घेतो तेव्हा एक जुने नावही वर उचलले जाते.

‘यांचा पठ्ठा’

कुस्ती मैदानाचे एखादे पोस्टर जवळून वाचावे. वर ग्रामदैवत किंवा ज्यांच्या पुण्यतिथीचे मैदान आहे त्या पुढाऱ्याचा फोटो. खाली दंड फुगवून उभ्या असलेल्या पैलवानांच्या जोड्या, मध्ये लाल अक्षरांत ‘विरुद्ध’. इनामाचा आकडा ठळक. आणि प्रत्येक पैलवानाच्या नावाखाली बारीक टायपात दोन गोष्टी हमखास असतात: तालमीचे नाव आणि ‘अमुक वस्ताद यांचा पठ्ठा’, म्हणजे चेला. लांबून येणारा जाणता प्रेक्षक ही बारीक ओळ आधी वाचतो. पोरगा नवखा असला तरी वस्ताद कोण यावरून तो ढाक डाव मारणारा असेल की पटाला, म्हणजे पायांना, लागणारा, लवकर निकाल लावील की समोरच्याला दमवील, याचा अंदाज त्याला येतो. वस्तादाने स्वतः शेवटची कुस्ती धरून तीस वर्षे झालेली असू शकतात. पोस्टरवर त्याचे नाव अजून गर्दी खेचत असते.

या पट्ट्यात मल्लाची कीर्ती टिकते ती मुख्यतः ‘यांचा’ या षष्ठी विभक्तीत. ज्याच्या हाताखाली पठ्ठे घडले त्याचे नाव दर हंगामात नव्याने छापले जाते, हलगीच्या तालावर पुकारले जाते. ज्याने तालीम चालवली नाही, त्याचे पदक कितीही मोठे असो, त्याच्या नावाला हा रोजचा आधार मिळत नाही.

गणपतराव आंदळकर हे याचे ठसठशीत उदाहरण. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा हा मल्ल १९६० मध्ये हिंदकेसरी झाला. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले आणि १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गेले. त्यांची कारकीर्द तिथे संपली असे म्हणावे, तर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांचे दुसरे आयुष्य नुकते सुरू होत होते. तिथे तयार झालेले दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले आणि १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. कुस्ती सुटल्यावर तेही वस्ताद झाले, आणि २००० साली त्यांचा मुलगा विनोद महाराष्ट्र केसरी झाला. आंदळकर २०१८ मध्ये गेले, चौगुले २०१९ मध्ये. नावे मात्र तालमीत रोज पहाटे घेतली जातात. जोर-बैठका मोजताना, डाव सांगताना, ‘आंदळकर असा पाय ठेवत’ म्हणत वस्ताद पोराचा पाय हाताने सरकवून दाखवतो, तेव्हा ते स्मरण कोणत्याही पुतळ्यापेक्षा जिवंत असते.

तालमीच्या भिंतीवरही हा वारसा दिसतो. मारुतीच्या तसबिरीशेजारी शाहू महाराज, त्यांच्या खालच्या ओळीत गेलेले वस्ताद. ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालून मुरवलेल्या मातीला हात लावून पोरगा आधी मारुतीला नमस्कार करतो, मग त्या फोटोंना.

मैदानातला मान

राजर्षी शाहू महाराजांनी बांधवलेले आणि १९१२ मध्ये खुले झालेले कोल्हापूरचे खासबाग मैदान हे या मानपानाचे मूळ पीठ. मधला आखाडा सखल आणि भोवती चढती बैठक, त्यामुळे कुठेही बसले तरी कुस्ती दिसते. पैलवानाला राजाश्रय देणे, त्याच्या खुराकाची सोय लावणे आणि त्याला चारचौघांत मान देणे ही महाराजांची रीत होती. संस्थाने गेली. मानाची रीत गावकऱ्यांनी आणि साखर कारखान्यांच्या पुढाऱ्यांनी उचलली.

यात्रेच्या मैदानात दुपारी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या चालू असतात, तेव्हा बिनघाईने एक म्हातारा आत येतो. पांढरे धोतर किंवा लेंगा, वर सदरा, गुडघ्यात वाकलेली चाल. फेटा नसला तरी ओळख पटते ती कानावरून. वर्षानुवर्षे मातीत घासून मोडलेला, गाठ होऊन बसलेला कान हा पैलवानाचा न पुसणारा दाखला आहे. निवेदक बोलणे मध्येच तोडतो, नाव पुकारतो, हलगीवाला चाल बदलतो. आखाड्याच्या कडेला अंग मोकळे करणारे तरणे पैलवान येऊन पाया पडतात. म्हाताऱ्याला फेटा बांधतात, नारळ देतात. मग मोठ्या जोडीच्या वेळी त्याला आखाड्यात नेले जाते. तो दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो आणि बाजूला होतो. त्या दोन मिनिटांत मैदानातले सगळे डोळे त्याच्यावर असतात.

निवेदकाचे काम या साऱ्यात फार मोलाचे आहे आणि त्याची दखल कमी घेतली जाते. साठ-सत्तरच्या दशकातल्या बहुतेक कुस्त्यांचे चित्रीकरण झालेले नाही. १९७७ मध्ये बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला चीत केले, ती कुस्ती आजच्या पोरांना माहीत आहे ती मुख्यतः ऐकून. दोन कुस्त्यांमधल्या रिकाम्या वेळात निवेदक ती डावागणिक उभी करतो आणि लोक ऐकत बसतात. आता मैदाने मोबाईलवर थेट दिसतात, उद्याच्या मल्लांच्या कुस्त्या साठून राहतील. जुन्यांच्या बाबतीत निवेदकाचा आवाज हाच साठा आहे, आणि तो लिहून, ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची गरज मोठी आहे.

खाशाबा जाधव

या रूढींची मर्यादा जिथे स्पष्ट दिसते ते नाव स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. हेलसिंकीच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी जे केले ते पदकाइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे: कोल्हापुरात कुस्त्या धरल्या आणि त्या इनामाच्या पैशातून प्राचार्यांचे ऋण फेडले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि थोड्याच काळात रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. तालीम-पठ्ठ्यांची मोठी फळी त्यांच्यामागे नव्हती, म्हणून त्यांच्या नावाची जबाबदारी सरकारवर होती, आणि सरकार सतत उशिरा आले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सतराएक वर्षांनी. पद्म सन्मान मिळालाच नाही. त्यांच्या नावाने कुस्ती अकादमी उभारण्याची घोषणा २००९ मध्ये झाली. काम रखडत राहिले, आणि २०१७ मध्ये त्यासाठी पैसा उभा करायला पदकच लिलावात काढण्याची तयारी कुटुंबीयांना जाहीर करावी लागली. या देशाला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ पर्यंत ४४ वर्षे लागली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उपेक्षा किती मोठी ते कळते.

अलीकडे चित्र थोडे पालटले आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या इंदिरा गांधी संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, त्यामुळे शाळाशाळांत त्यांचे नाव पोहोचते. कुस्तीच्या पट्ट्याबाहेरच्या मुलांना खाशाबा कळण्याचा हा पहिलाच पक्का मार्ग आहे.

चरितार्थ

मान आणि मीठभाकरी यांचा मेळ या रूढींत कधी नीट बसला नाही. ऐन उमेदीतल्या पैलवानाचा खुराक घरची म्हैस आणि शेत विकायला लावतो. दूध, तूप, बदाम, मटण यांवरचा खर्च इनामातून भरून निघेलच असे नाही. मेहनत सुटते पण भूक आणि खाण्याची सवय सुटत नाही, म्हणून पन्नाशीपुढे वजन, मधुमेह, रक्तदाब मागे लागतात. गुडघे आणि कंबर तर आधीच कामातून गेलेली असते. सत्काराच्या शाली घरात थप्पीने असतात आणि औषधाची चिठ्ठी खिशात, असे पैलवान या भागात शोधायला लागत नाहीत.

किताब मिळवलेल्या मल्लांना राज्य सरकार मासिक मानधन देते. ते वर्षानुवर्षे तुटपुंजे होते; २०२३ मध्ये त्यात भरीव वाढ जाहीर झाली. महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादव, विजय चौधरी अशांना पोलीस खात्यात थेट अधिकारपदाची नोकरी मिळाली, ही सोय मागच्या पिढीला नव्हती. मात्र ज्याला मोठा किताब हुकला, पण ज्याने दहा वर्षे गावोगावची मैदाने गाजवली, अशा मल्लासाठी आजही काहीच नाही. मैदानाच्या खर्चात मंडपाला, निवेदकाला, हलगीला रक्कम धरलेली असते. म्हाताऱ्या पाहुण्याच्या वाट्याला फेटा येतो. इनामाच्या बेरजेतला एखादा हिस्सा जुन्या मल्लांच्या औषधपाण्यासाठी बाजूला काढणे संयोजकांना जड नाही.

वेगळी वाट : दारासिंग

मुंबईत मातीच्या निकाली कुस्तीबरोबरच तिकिटावरची फ्रीस्टाइल कुस्तीही रंगली. तिच्यातल्या अनेक लढती ठरवून केलेल्या, म्हणजे ‘नुरा’ असतात असे मातीचे लोक म्हणत. पण दारासिंगांच्या ताकदीबद्दल कोणी शंका घेतली नाही. २९ मे १९६८ रोजी मुंबईतच त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवले. १९८३ मध्ये ते निवृत्त झाले, आणि चारच वर्षांनी दूरदर्शनवरच्या ‘रामायण’ मालिकेत हनुमान म्हणून घरोघरी पोहोचले. ज्या देवाला तालमीत नमस्कार करून पैलवान लंगोट कसतो त्याच देवाच्या रूपात एक पैलवान लोकांना दिसला. त्यांचे नाव पडद्याने जपले, आणि मृत्यूनंतर सहा वर्षांनी, २०१८ मध्ये, अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीच्या कंपनीने त्यांना आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतले. ही कंपनी १९९३ पासून, आंद्रे द जायंट या मल्लाच्या मृत्यूनंतर, असा मान देते. तिथे जुन्या मल्लाचे नाव कंपनीच्या ताब्यात असते, बाहुल्यांवर आणि चित्रफितींवर विकले जाते. मातीत ते पठ्ठ्यांच्या ताब्यात असते.

बिराजदारमामांचा वारसा

लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. रुस्तुम-ए-हिंदही झाले. कुस्ती सुटल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत उभे राहिले आणि तिथे सगळ्यांचे ‘मामा’ झाले. त्यांच्या हाताखाली काका पवार घडले, अर्जुन पुरस्कारापर्यंत गेले आणि पुढे स्वतः वस्ताद झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे मामांकडे शिकला आणि मामा २०११ मध्ये गेल्यावर पवारांकडे. २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात आवारेने सुवर्ण जिंकले. मामांना जाऊन तेव्हा सात वर्षे होत आली होती. ते पदक त्याने मामांच्या नावे केले.