वीस बंगले, दीडशे पॉइंट: पाण्यावरच्या खोलीचा भाव कसा ठरला

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये सेव्हन सीज लगून नावाचं एक खोदलेलं तळं आहे. त्याच्या काठावरच्या पॉलिनेशियन रिसॉर्टसमोर, पाण्यात खांब रोवून, 20 बंगले उभे आहेत. प्रत्येकात दोन बेडरूम, दोन बाथरूम, पूर्ण स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं मशीन, आणि बाहेर डेकवर छोटा प्लंज पूल. आठ माणसं आरामात झोपतात, आणि रात्री समोरच्या मॅजिक किंगडम या डिस्ने पार्कची आतषबाजी डेकवर बसून दिसते.

हे बंगले 2015 च्या एप्रिलमध्ये उघडले. ते डिस्ने व्हेकेशन क्लबच्या, म्हणजे टाइमशेअरच्या मालकीपद्धतीत येतात. सभासद पैसे भरून पॉइंट विकत घेतो, ते पॉइंट दरवर्षी त्याच्या खात्यात जमा होतात आणि खोलीचं भाडं पॉइंटांत चुकवलं जातं. सुरुवातीला एका पॉइंटचा भाव 160 डॉलर होता. बंगल्याच्या एका रात्रीला अगदी कमी गर्दीच्या दिवसांतही शंभराहून अधिक पॉइंट लागतात, आणि नाताळच्या सुमारास हा आकडा फार वर जातो. हिशेबाच्या सोयीसाठी सरासरी 150 धरू. 160 डॉलरने 150 पॉइंट म्हणजे 24,000 डॉलर. एवढे पैसे एकरकमी भरून हातात काय पडतं? वर्षातून एक रात्र. शिवाय देखभालीचं वार्षिक शुल्क वेगळं; ते तेव्हा पॉइंटमागे पाच-सहा डॉलरच्या घरात होतं आणि पुढे वाढतच गेलं.

हा भाव कुठून आला हे समजायला दोन वेगळ्या गोष्टींच्या मुळाशी जावं लागतं: पाण्यावरची खोली आणि पॉइंटांची पद्धत.

पाण्यावरच्या हॉटेल-खोलीचा जन्म फ्रेंच पॉलिनेशियात झाला. कॅलिफोर्नियातून आलेल्या तीन अमेरिकन मित्रांनी, ह्यू केली, जे कार्लाइल आणि डॉन मॅकॅलम यांनी, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मोरेआ बेटावर हॉटेल सुरू केलं. ताहितीला जेट विमानं उतरू लागण्याचा हाच काळ. पुढे त्यांनी रायाटेआ बेटावर हॉटेल काढलं, पण तिथे चांगला किनाराच नव्हता. पाहुण्याला खोलीतून थेट पाण्यात उतरता यावं म्हणून त्यांनी 1967 मध्ये प्रवाळाच्या उथळ पाण्यात खांबांवर स्थानिक पद्धतीच्या गवती छपराच्या झोपड्या बांधल्या. एका उणिवेवर काढलेला हा तोडगा होता. पुढच्या काही दशकांत बोरा बोरा आणि मग मालदीवमध्ये तो चैनीच्या सुट्टीची ओळखच बनून गेला.

अशी खोली महाग का, याचं उत्तर बांधकामात आहे. प्रत्येक खोलीसाठी पाण्यात खांब, वीज-पाणी-सांडपाण्याच्या नळ्या धक्क्याखालून नेलेल्या, सामान आणि जेवण पोचवायला लांब चालत जाणारा कर्मचारी, समुद्र असेल तर खाऱ्या हवेने खाल्लेलं लोखंड आणि लाकूड. त्यात मजल्यावर मजला चढवता येत नाही, त्यामुळे खोल्या मोजक्याच राहतात. मालदीवचं हॉटेल ही सगळी महागाई रोजच्या भाड्यात घालतं. मागणी वाढली की भाडं वाढवतं, पावसाळ्यात कमी करतं. हॉटेलवाल्याने कुणाला पन्नास वर्षांचं वचन दिलेलं नसतं. टाइमशेअरमध्ये नेमकं तेच वचन असतं, म्हणून तिथे भाव ठरवण्याची रीतच वेगळी आहे.

आता पॉइंट. सुट्टीचा हक्क पॉइंटांत मोजण्याची कल्पना पुष्कळांना अलीकडची वाटते, पण स्वित्झर्लंडमध्ये 1963 साली स्थापन झालेल्या हापिमाग या कंपनीने भागधारकांना सुट्टीचे पॉइंट द्यायला तेव्हाच सुरुवात केली होती. अमेरिकेत मात्र सुरुवात आठवड्यांनी झाली. एक फ्लॅट, वर्षाचे 52 आठवडे, त्यातले एक-दोन डागडुजीला ठेवायचे आणि उरलेले पन्नासेक कुटुंबांना विकायचे. कुणाला जुलैचा आठवडा, कुणाला नोव्हेंबरचा. त्याच त्या जागी दरवर्षी जायचा कंटाळा यायला लागला तसा अदलाबदलीचा धंदा उभा राहिला. 1974 मध्ये आरसीआय आणि 1976 मध्ये इंटरव्हल इंटरनॅशनल निघाली. सगळे आठवडे सारख्या मोलाचे नसतात हे अदलाबदल करताना उघड झालं, आणि मागणीनुसार त्यांना लाल, पांढरा, निळा असे रंग मिळाले.

आपल्याकडे ज्यांच्या घरात टाइमशेअरचं सभासदत्व आहे त्यांना हे रंग पाठ असतात. स्टर्लिंग 1986 मध्ये आली, क्लब महिंद्रा 1996 मध्ये. 'आमचा व्हाइट सीझन आहे, मे महिन्यात मिळत नाही' हे वाक्य पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी घरांत ऐकू येतं, आणि दरवर्षीची एएसएफ, म्हणजे वार्षिक शुल्क, भरताना होणारी चर्चाही. सभासदत्वाची एकरकमी किंमत आणि वार्षिक शुल्क हे दोन वेगळे खर्च आहेत, आणि दुसरा कधी थांबत नाही, हे आपल्या लोकांनी अनुभवातून ओळखलेलं आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं आई-वडिलांना, भावाच्या मुलांना घेऊन ऑर्लँडोला जातात तेव्हा आठ माणसांची, स्वयंपाकघर असलेली जागा त्यांना मनापासून हवी असते. म्हणून त्यांच्यासाठी ही पार्श्वभूमी कामाची आहे.

डिस्नेने 1991 मध्ये क्लब काढला तेव्हा आठवडा सोडून दिला. सभासदाला रिसॉर्टमधला एक छोटा हिस्सा ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि त्या हिश्शाचं माप म्हणून वर्षाला अमुक पॉइंट. पहिल्या रिसॉर्टला, ज्याचं नाव पुढे ओल्ड की वेस्ट पडलं, पॉइंटचा भाव पन्नास डॉलरच्या आसपास होता आणि हक्काची मुदत 2042 पर्यंत. वर्षाचे पाच हंगाम केले. यंदाचे पॉइंट पुढच्या वर्षी नेता येतात, पुढच्या वर्षीचे यंदा उसने घेता येतात. स्वतःच्या रिसॉर्टमध्ये 11 महिने आधी बुकिंग, इतरत्र 7 महिने आधी. पद्धत लवचीक होती, आणि लोकांना ती आवडली.

या लवचीकतेखाली एक कडक हिशेब आहे. फ्लोरिडाच्या टाइमशेअर कायद्यानुसार जेवढ्या रात्री प्रत्यक्षात उपलब्ध आहेत त्याहून जास्त विकता येत नाहीत. रिसॉर्टचे एकूण पॉइंट सुरुवातीलाच जाहीर होतात आणि तो आकडा पक्का असतो. उद्या शुक्रवार महाग करायचा असेल तर दुसरा कुठला तरी दिवस स्वस्त करावा लागतो. कोणत्या रात्रीला किती पॉइंट हे सांगणाऱ्या 2010 च्या तक्त्यात हे दिसलं. तोवर शुक्रवार-शनिवारचे पॉइंट इतके जास्त होते की पुष्कळ सभासद रविवारी यायचे आणि शुक्रवारी निघून जायचे. क्लबने शुक्रवार-शनिवारचा भार कमी केला आणि तो आठवड्याच्या मधल्या दिवसांवर टाकला. एकूण बेरीज तीच राहिली. ज्यांनी मधल्या पाच रात्रींचा हिशेब करून पॉइंट घेतले होते त्यांना मात्र ते कमी पडू लागले.

सरोवरावरचे बंगले या चौकटीत बसवून बघितले की त्यांच्या भावाचा खरा अर्थ लागतो. 2015 मध्ये पॉलिनेशियनच्या या टाइमशेअर भागात दोनच प्रकारच्या जागा होत्या: 360 स्टुडिओ, म्हणजे एकाच खोलीच्या जागा, आणि 20 बंगले. एक बेडरूमचा फ्लॅटसुद्धा नाही. स्टुडिओला रात्रीचे साधारण वीस-बावीस पॉइंट, बंगल्याला दीडशे, मध्ये काहीच नाही.

स्टुडिओची सरासरी 22 आणि बंगल्याची 150 धरून वर्षाचा हिशेब मांडू. 360 स्टुडिओंच्या 1,31,400 रात्री, त्यांचे सुमारे 28.9 लाख पॉइंट. 20 बंगल्यांच्या 7,300 रात्री, त्यांचे सुमारे 10.95 लाख. दोन्ही मिळून चाळीस लाखांच्या जवळ. म्हणजे रात्रींच्या हिशेबात बंगले पाच टक्क्यांच्या आसपास, पण पॉइंटांच्या हिशेबात चतुर्थांशाहून जास्त. त्या 10.95 लाख पॉइंटांना 160 डॉलरने गुणलं तर 17 कोटी 52 लाख डॉलर होतात. वीस बंगल्यांवर एवढी विक्री टांगलेली होती.

आणि हे पॉइंट 'बंगल्याचे पॉइंट' म्हणून वेगळे विकले गेले नाहीत. पॉइंट सगळे एकाच जातीचे. 150 पॉइंट घेतलेला माणूस बंगल्यात एक रात्र घालवू शकतो किंवा स्टुडिओत सहा-सात. ज्याला एवढे पैसे मोजून वर्षातून आठवडाभर सुट्टी हवी आहे तो काय करेल हे सांगायला नको. समजा, बंगल्यांच्या अर्ध्याच रात्री सभासदांनी घेतल्या. उरलेले साडेपाच लाख पॉइंट कुठेतरी खर्च व्हायचेच. ते सगळे स्टुडिओकडे वळले तर 25,000 रात्रींची जादा मागणी तयार होते. काही पॉइंट सात महिन्यांच्या मुदतीत इतर रिसॉर्टमध्ये जातात, त्यामुळे प्रत्यक्ष ताण इतका नसेल. पण दिशा तीच. पॉलिनेशियनचा स्टुडिओ मिळवण्यासाठी सभासदांना होणाऱ्या ओढाताणीचं एक मोठं कारण या वीस बंगल्यांच्या तक्त्यात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याचा हिशेब जुळतो, कारण तो रात्री मोजतो. कोणत्या रात्री लोकांना हव्या आहेत हे तो मोजत नाही.

मग रिकामे राहणारे बंगले? मुक्कामाच्या 60 दिवस आधीपर्यंत सभासदांनी न घेतलेल्या जागा रोख भाड्याने देता येतात. उघडले तेव्हाही या बंगल्यांचं रोख भाडं रात्रीला दोन हजार डॉलरच्या वर होतं. या उत्पन्नातला एक भाग ठरलेल्या मर्यादेपर्यंत मालकांच्या, म्हणजे सभासदांच्या, संघटनेच्या खर्चाला लागतो, त्यावरचा व्यवस्थापनाकडे जातो. विकत घेताना हे कलम वाचणारे लोक फार थोडे असतात.

बंगले इतके चढे ठेवायला हवेच होते का? त्याच क्लबने 2009 मध्ये साराटोगा स्प्रिंग्ज या आपल्या दुसऱ्या रिसॉर्टमध्ये झाडांच्या उंचीवर खांबांवरची 60 ट्रीहाउस घरं उघडली. तीन बेडरूमची, वेगळी, लोकांना हवीहवीशी. त्यांचे पॉइंट मात्र साध्या दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या जवळपास ठेवले, आणि ती मिळवायला धडपड करावी लागते. 2017 मध्ये वाइल्डरनेस लॉज या रिसॉर्टमध्ये पाण्याकाठच्या 26 केबिन आल्या तेव्हा पुन्हा बंगल्यांचा कित्ता गिरवला गेला. वेगळेपणाचा भाव किती लावायचा हा विकणाऱ्याचा निर्णय असतो, बांधकामाच्या खर्चातून तो आपोआप ठरत नाही.

2018 च्या डिसेंबरमध्ये क्लबने 2020 चा तक्ता जाहीर केला. अनेक रिसॉर्टमध्ये स्टुडिओ आणि एक बेडरूमचे पॉइंट वाढले होते. सभासदांनी कायद्याचं कलम पुढे करून जोरदार हरकत घेतली आणि जानेवारी 2019 मध्ये क्लबने तो तक्ता मागे घेतला. 2021 पासून पाच हंगामांच्या जागी सात कालखंड आले. ज्यांच्या हातात करार होता आणि ज्यांनी तो वाचला होता त्यांनी हे घडवून आणलं, याचं मला कौतुक वाटतं.

17 डिसेंबर 2024 ला पॉलिनेशियनच्या आवारात आयलँड टॉवर उघडला. दोन माणसांच्या छोट्या स्टुडिओपासून एक बेडरूम, दोन बेडरूम आणि पेंटहाउसपर्यंत सगळे प्रकार त्यात आहेत, म्हणजे 2015 मध्ये स्टुडिओ आणि बंगल्यामध्ये राहिलेली मोकळी जागा भरली. टॉवर जुन्याच संघटनेत सामील केला, त्यामुळे जुन्या मालकांनाही तिथे 11 महिने आधी बुकिंग मिळतं आणि मुदत सगळ्यांची 2066 पर्यंत आहे. नव्या पॉइंटचा भाव 200 डॉलरच्या पुढे गेला. टॉवरच्या जागा वाढल्यामुळे एकूण पॉइंटांत बंगल्यांचा वाटा आता पूर्वीपेक्षा कमी भरतो. स्टुडिओवरचा ताण त्याने किती हलका होतो, हे पुढच्या काही वर्षांच्या 11 महिन्यांच्या बुकिंगवरून दिसेल.