भाड्याने फिरलेला वेताळ: बडोद्याच्या पस्तीतल्या जुन्या कॉमिक्सची पार्श्वभूमी

बडोद्यात जुनी कॉमिक्स आणि पॉकेट बुके मिळतात ती स्वस्त, आणि बहुतेक वेळा फाटकी. दोन्हींचे कारण एकच. ही पुस्तके इथे विकत घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा भाड्याने जास्त फिरली. एकेका प्रतीला गल्लीभरच्या पोरांचे हात लागले. म्हणून पहिल्या पानावर दुकानाचा शिक्का, पाठीला खाकी कागदाची पट्टी, मधले पान गायब आणि शेवटचे शब्दकोडे कुणीतरी पेनाने सोडवून ठेवलेले. श्रीमंत संग्राहक असल्या प्रतीकडे ढुंकून बघत नाहीत. खिसा बेताचा असलेल्याने मात्र तिच्याचकडे बघावे, असे माझे मत आहे.

पुस्तक विकत न घेता वाचायची सवय या शहराला खुद्द सरकारने लावली. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर पोरे शिकलेले विसरतील, ही चिंता लगेच पुढे आली. तेव्हा १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले गेले. ते तीन वर्षे इथे होते. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, गावोगावची वाचनालये आणि लाकडी पेट्यांतून खेड्यांत जाणारी फिरती ग्रंथालये, हे सगळे त्या योजनेतून उभे राहिले. मुलांसाठी वेगळे दालन होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न आणि सिनेमाचे खेळ दाखवणारी एक शाखाही याच खात्यात होती. चित्रांतून गोष्ट सांगायची कल्पना बडोद्याला परकी नव्हती ती अशी. जोडीला सयाजी साहित्यमाला आणि सयाजी बालज्ञानमाला निघाल्या, मराठीत आणि गुजरातीतही. जुने वाडे पाडायला निघाले की त्यातली एखादी लहानशी पुस्तिका आजही पस्तीत, म्हणजे रद्दीत, दिसते. दिसली की घ्यावी. तिचा विषय बहुधा रुक्षच असतो, पण तिच्यामागे लागणारे लोक फार नसतात.

तरी त्या खात्याने घट्ट पायजम्यातला, मुखवटा घातलेला माणूस कधी पेटीत बसवून गावी पाठवला असता, असे वाटत नाही. सरकारी वाचनालय ज्ञान देत होते. करमणुकीची सोय बाजाराला करावी लागली.

ती सोय आधी कागदी बांधणीच्या पुस्तकांनी केली. इंग्लंडात १९३५ साली पेंग्विनने सहा पेन्सांत पुस्तक देऊन दाखवले होते. आपल्याकडे मुंबईत १९४६ मध्ये जयको निघाली आणि दिल्लीत १९५८ मध्ये हिंद पॉकेट बुक्सने एक रुपयात हिंदी पुस्तक द्यायला सुरुवात केली. अलाहाबादहून १९५२ पासून इब्ने सफींची जासूसी मालिका निघत होती. उर्दूतला कर्नल फरीदी हिंदीत येताना कर्नल विनोद झाला आणि आपल्यापर्यंत पोचला. मराठीला मात्र दिल्ली-अलाहाबादची वाट पाहायची गरज नव्हती. चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजेच बाबूराव अर्नाळकर यांनी झुंजार, काळा पहाड आणि धनंजय यांच्यावर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पुढे नारायण धारपांच्या भयकथा, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन हे नायक. या पुस्तकांचा मोठा ग्राहक वाचक नव्हता, वाचनालय होते. त्यामुळे रहस्यकथेची कोरी, बिनशिक्क्याची प्रत मुळातच कमी. ती शोधत बसणे म्हणजे हौसेला महाग करून घेणे.

लहान मुलांचा बाजार थोडा वेगळा. १९४७ च्या जुलैत मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये चंदामामा सुरू झाला. १९५२ मध्ये तो मराठीत ‘चांदोबा’ म्हणून आला. गुजरातीत मुलांसाठी सुरतेचे ‘गांडीव’ होतेच आणि त्यात १९३६ पासून हरिप्रसाद व्यासांच्या बकोर पटेलांच्या गोष्टी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढलेल्या मुलाला बकोर पटेलांची बायको शकरी पटलाणी आणि विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत यांत निवड करावी लागत नसे. दोन्ही वाचून व्हायचे.

मग १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स काढले. ली फॉकचा फँटम, म्हणजे आपला वेताळ, अमेरिकेत १९३६ पासून वर्तमानपत्रांत होता आणि आपल्याकडे ‘इलस्ट्रेटेड वीकली’त आधीच छापला जात होता. तो पुस्तकरूपाने साठ पैशांत हातात आला तो मात्र इंद्रजालमुळे. वर्तमानपत्री पट्ट्या कापूनकुपून पानात बसवलेल्या असत, कधी चौकटीच गाळलेल्या. जंगलाचे मूळ नाव बंगालशी मिळतेजुळते, तेव्हा बंगालच्या लोकांना वाईट वाटू नये म्हणून ते डेंकाली या काल्पनिक देशात हलवले गेले आणि सिंग चाच्यांना सिंगा केले गेले. मासिक म्हणून सुरू झालेले इंद्रजाल पुढे पाक्षिक आणि १९८१ च्या सुमारास साप्ताहिक झाले. वेताळाबरोबर जादूगार मँड्रेक आला. १९७६ मध्ये बहादूर आला, चंबळच्या डाकूचा मुलगा, जो पोलिसांच्या बाजूने उभा राहतो. त्याचा जन्मदाता आबिद सुरती गुजरातेतला, राजुल्याकडचा. चित्रे गोविंद ब्राह्मणियांची. १९९० मध्ये मालिका बंद पडली तोवर आठशेच्या आसपास अंक निघाले होते.

इंद्रजालच्या सुरुवातीच्या कामात अनंत पै होते. त्यांनीच १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे अमर चित्र कथा उभी केली. राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी तिला चेहरा दिला. हेच मुळीक पुढे राज कॉमिक्सचा नागराज काढताना दिसतात. राज कॉमिक्स १९८६ चे आणि मुख्यतः हिंदीत, पण बडोद्याच्या पोरांना हिंदीची अडचण कधीच नव्हती.

आता भाड्याचे दुकान. ते बहुतेक वेळा दुकान नसेच. पानाच्या गादीला टेकवलेली फळी, जिन्याखालची जागा, नाहीतर कुणाच्या ओट्यावरची सुतळी आणि तिच्यावर वाळत घातल्यासारखी लटकलेली कॉमिक्स. अनामत ठेवायची, वहीत नाव लिहायचे, छापील किमतीच्या अगदी थोड्या पैशांत एका दिवसासाठी अंक घरी न्यायचा. तिथेच बसून वाचले तर आणखी स्वस्त. मे महिन्याच्या सुट्टीत धंदा तेजीत आणि जूनमध्ये शाळा उघडली की मंदीत. कारखान्यातल्या दोन पिना इतक्या वापराला टिकत नसत, म्हणून दुकानदार त्या काढून दाभणाने तीन भोके पाडायचा आणि जाड दोऱ्याने अंक शिवायचा. वर खळीने खाकी कागद. पुष्कळदा दोन-तीन अंक एकत्रच शिवलेले. आज संग्राहकांच्या भाषेत हे ‘नुकसान’. खरे म्हणजे त्या दोऱ्यामुळेच अंक आपल्यापर्यंत आला. पिनांवरच राहिलेल्या प्रतींच्या पिना बडोद्याच्या पावसाळ्यात गंजल्या आणि मधली पाने गळून गेली.

भाषेचे गणित इथल्या संग्राहकाने नीट समजून घ्यावे. एकच वेताळ इथे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार रूपांत फिरला. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात गेले, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला. मराठी घरांतली मुले हळूहळू गुजराती आणि मग इंग्रजी शाळांत गेली. मराठी अंक घेणारे कमी होत गेले. म्हणजे मराठी प्रती इथे मुळात थोड्या, पण मागणारे त्याहून थोडे. इंग्रजी इंद्रजालला देशभरातून ऑनलाइन गिऱ्हाईक असते, म्हणून पस्तीवाल्यालाही आता त्याचा भाव कळतो. गुजराती अंकाला तेवढा भाव नाही. आणि मराठीची तर मजाच असते. लिपी देवनागरी, म्हणून ती बऱ्याचदा हिंदीच्या ढिगात पडून असते. विकणाऱ्याला फरक दिसत नाही, घेणाऱ्या मराठी माणसाला लांबून दिसतो.

भाड्याची दुकाने एका दिवसात गेली नाहीत. १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झाले, मग व्हिडिओ कॅसेट, मग केबल. ज्या फळीवर कॉमिक्स होती तिच्यावर कॅसेट आल्या, पुढे तिथेच एसटीडी-पीसीओ आला. कॉमिक्सचा साठा किलोच्या भावाने गेला. पुठ्ठ्याच्या कारखान्यात न पोचलेला माल पस्तीच्या दुकानांत आणि शुक्रवारी बाजारात अडकून राहिला. आज हाती लागते ते बहुतेक यातलेच.

कागद स्वस्त वर्तमानपत्री. त्यातल्या लाकडाच्या लगद्यात लिग्निन राहिलेले असते, ते उजेडात आणि हवेत पिवळे पडते आणि कागद ठिसूळ होतो. त्यावर इलाज नाही, वेग कमी करता येतो. आडवे रचून, उन्हापासून लांब, जमिनीपासून वर. जमिनीपासून वर हे मुद्दाम लिहिले, कारण २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी तळमजल्यांत शिरले तेव्हा पहिला बळी कागदाचा गेला. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांनी तिचा चिकटपणा जातो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी आजही चांगली.

थोड्या पैशांत जमवणाऱ्याने इंद्रजालच्या पहिल्या दहा-वीस अंकांच्या नादी लागू नये. त्यांचे भाव आता आपले राहिलेले नाहीत. त्यापेक्षा साप्ताहिक काळातले अंक घ्यावेत, ते मोठ्या संख्येने निघाले. घरगुती बांधणी केलेले खंड दिसले तर सोडू नयेत. कडा कापल्यामुळे विक्रेता त्यांची किंमत कमी सांगतो, पण आत वर्षभराचे अंक ओळीने असतात आणि बांधणीमुळे मुखपृष्ठे शाबूत राहिलेली असतात. घासाघीस करताना आपल्याला हव्या असलेल्या अंकाकडे फार वेळ बघायचे नाही, एवढे पथ्य पाळावे. शुक्रवारी बाजारात भल्या सकाळी जाणाऱ्यांना इंग्रजी मिळते, ते पुनर्विक्रीवाले असतात. दुपार कलल्यावर गुजराती आणि मराठी उरते, आणि तोवर दुकानदारालाही पोतडी उचलून घरी जायची घाई झालेली असते.