भिंतीआडचं प्लास्टिक

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. पूर ओसरल्यावर घराघरांतून जे रस्त्यावर आलं त्यात गाळाने जड झालेल्या फोमच्या गाद्या होत्या, फुगलेली सनमायकाची कपाटं होती आणि भिंतींवरून उचकटलेले पीव्हीसी पॅनेल होते. कॅरीबॅगवर आपण भरपूर बोलतो. घराच्या अंगात मुरलेलं हे प्लास्टिक मात्र एरवी दिसतच नाही.

2015 साली जगभरात वेष्टनांसाठी सुमारे 14.6 कोटी टन प्लास्टिक तयार झालं आणि त्याच वर्षी वेष्टनांचा 14.1 कोटी टन कचराही झाला. आलं आणि गेलं. बांधकामात 6.5 कोटी टन गेलं, पण कचरा म्हणून बाहेर पडलं फक्त 1.3 कोटी टन. उरलेलं भिंतींत, छतात, जमिनीखाली जाऊन बसलं. बांधकामातल्या प्लास्टिकचं सरासरी आयुष्य 35 वर्षांच्या आसपास धरतात. म्हणजे आज बसवलेल्या पाइपचं पुढे काय होणार, हे बरंचसं आज तो कसा बसवला यावर ठरतं.

भंगाराच्या दुकानात हे चटकन कळतं. तासगावकडच्या द्राक्षबागेतून निघालेली ठिबकची काळी नळी भंगारवाला आनंदाने घेतो. ती एकाच जातीच्या पॉलिइथिलीनची असते, कशाला चिकटलेली नसते, गुंडाळली की झालं. पीव्हीसी पॅनेल त्याला नको असतं. ते आडवं कापून पाहा: आत चौकोनी पोकळ घरं, वर छापील नक्षीचा पातळ थर, आणि पीव्हीसीत स्वस्त पडावं म्हणून मिसळलेली भरपूर खडूची पूड. शिवाय मागे डिंकासारखा ॲडेसिव्ह आणि त्याला धरून आलेला गिलावा. यातून शुद्ध पीव्हीसी परत मिळवणं कोणालाच परवडत नाही.

पुराच्या पट्ट्यात तर हे पॅनेल दुहेरी नुकसान करतात. पोकळ घरांत गाळ शिरतो आणि तो धुऊन निघत नाही. मागची भिंत आठवडेच्या आठवडे ओली राहून बुरशी धरते, पॅनेल मात्र वरून स्वच्छ दिसतं. तळमजल्यावर पुराच्या खुणेपर्यंत साधा गिलावा आणि रंग हेच योग्य. पॅनेल हवंच असेल तर ॲडेसिव्ह टाळून पट्ट्यांवर स्क्रूने बसवून घ्यावं. पाणी चढायची सूचना आली की तासाभरात काढून वरच्या मजल्यावर नेता येतं.

आता पाइप. पीव्हीसीच्या वजनात 57 टक्के क्लोरीन असतं. ते मिठापासून येतं, उरलेला भाग खनिज तेल किंवा वायूपासून. हा पाइप मुळात टिकाऊ आहे, त्यामुळे पर्यावरणासाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तो अकाली फुटू न देणं. गच्चीवरून उतरणारा चार इंची पाइप उन्हात लांबतो. तीन मीटरचा तुकडा, तापमानात 30 अंशांचा फरक, की वाढ सुमारे 6 मिलिमीटर. रबरी रिंगच्या जोडात पाइप पूर्ण आत ढकलून पेन्सिलीने खूण करायची आणि 10 मिलिमीटर मागे ओढायचा. वाढीला जागा मिळते. पुष्कळदा घाईत पाइप तळापर्यंत ठोकतात, मग दोन उन्हाळ्यांत सॉकेटला चीर जाते. रिंगला साबणाचं पाणी लावावं. ग्रीस किंवा ऑइल लावलं की रबर फुगतं आणि जोड गळतो.

सोलर हीटरच्या लाइनला साधा पीव्हीसी लावणं ही दुसरी चूक. तो 45 अंशांपर्यंतच ठीक. सोलरचं पाणी 60 च्या वर सहज जातं आणि पाइपला झोळ पडतो. तिथे सीपीव्हीसी, म्हणजे जादा क्लोरीन घातलेला, उष्णता सोसणारा पीव्हीसी हवा. पण त्याचे उरलेले तुकडे पीव्हीसीच्या पोत्यात टाकू नयेत, कारण क्लोरीनचं प्रमाण वेगळं असल्याने दोन्ही एकत्र वितळवले की माल बिघडतो.

हॅक्सॉने पाइप कापताना खाली पडणाऱ्या पांढऱ्या भुशाचं गणित करून पाहण्यासारखं आहे. पाइप 110 मिलिमीटरचा, भिंत 3.2 मिलिमीटर जाड, ब्लेडची खाच साधारण 1 मिलिमीटर. एका कापात दीड ग्राम पीव्हीसीचा भुसा होतो. एका बंगल्यात असे तीस काप धरले तर 45 ग्राम, म्हणजे हजारो बारीक कण. हे तयार सूक्ष्मप्लास्टिकच. झाडून गटारात ढकललं की पहिल्या पावसात नाल्याने थेट कृष्णेत. कापायच्या जागी जुनी चादर अंथरली की सगळा भुसा गोळा होतो.

याहून मोठी गळती रंगाची. इमल्शन म्हणजे पाण्यात तरंगणारे ॲक्रिलिकचे कण. वाळल्यावर भिंतीवर जो पापुद्रा उरतो तो प्लास्टिकचाच. ब्रश आणि रोलर बेसिनमध्ये धुतले की ते कण वाहून जातात. आधी ब्रश रद्दीवर पुसून कोरडा करावा, मग एकाच बादलीत धुवावा. ते दुधाळ पाणी नुसतं ठेवलं तर निवळत नाही, कारण कणांवर ऋण भार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. पुरात प्यायचं पाणी निवळायला जी तुरटी फिरवतात तीच इथे चालते. तिच्यातलं ॲल्युमिनियम तो भार मारतं आणि कणांच्या गुठळ्या होतात. बादलीला दोन चमचे पूड टाकून ढवळावं. रात्रभरात निवळलं नाही तर आणखी एक चमचा. सकाळी जुन्या सुती कापडातून गाळावं, कापडावरचा लगदा उन्हात वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावा. ऑइलपेंटला हा उपाय लागू नाही.

जुन्या पाइपांबद्दल एक काळजी घ्यावी. पूर्वी पीव्हीसी उष्णतेत टिकावं म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत. ती काढून टाकण्याचे नियम केंद्र सरकारने 2021 मध्ये केले. त्याआधीच्या पाइपमध्ये रात्रभर साचलेलं सकाळचं पहिलं पाणी पिण्याला न भरता धुण्याला वापरावं.

आणि रिवायरिंगनंतर निघालेली वायर तांब्यासाठी जाळायला कोणालाही देऊ नये. पीव्हीसी पेटलं की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतं, डोळे आणि घसा चुरचुरतो. त्याबरोबर निघणारं डायॉक्सिन हे विषारी रसायन मात्र जाणवतही नाही, आणि तांबं नेमकं ते तयार व्हायला मदत करतं. धूर विरतो, डायॉक्सिन माती-गवतावर बसतं, तिथून म्हशीच्या दुधात येतं. भंगारवाला साल न काढलेल्या वायरला कमी भाव देतो. तरी ती तशीच द्यावी. किंवा जाड वायर असेल तर ब्लेडने उभी चीर देऊन साल सोलावी, तांबं वेगळं आणि साल वेगळ्या पोत्यात.